पांढरी बट आणि थांबलेलं आतडं

१९८१ साली 'जर्नल ऑफ पीडिआट्रिक्स' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात मुंबईचे डॉ. के. एन. शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध छापून आला. पाच कुटुंबांतल्या बारा नवजात बाळांची ती हकीकत होती. या बाळांच्या कपाळावर जन्मतःच पांढऱ्या केसांची बट होती, डोळ्यांतल्या रंगद्रव्यात दोष होता आणि मोठ्या आतड्याचा बराच भाग निश्चल होता. अशा बाळाला पहिल्या दोन दिवसांत शी होत नाही, पोट टणक फुगतं, हिरव्या उलट्या सुरू होतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर ते जगत नाही.

केसांचा रंग आणि आतड्याची हालचाल यांचा संबंध काय? वाढलेल्या शरीरात शोधायला गेलं तर उत्तर मिळत नाही. एक बाब त्वचेची, दुसरी पोटाची, आणि दोन्हींचे डॉक्टरही वेगळे. संबंध सापडतो तो बाळ जन्मण्याच्या आठ महिने आधी. त्या वेळी पुढच्या रंगपेशी आणि आतड्यातल्या चेतापेशी वेगळ्या झालेल्याच नसतात. दोघींच्या पूर्वज पेशी एकाच ठिकाणी, एकाच रांगेत असतात. तिथून त्या निघतात, वेगवेगळ्या वाटांनी जातात, आणि वाटेत त्यांचं रूप ठरत जातं. ते कसं ठरतं, या प्रश्नामागे जीवशास्त्र दीडशे वर्षं आहे.

पाठीवरची शिखा

गर्भधारणेच्या चौथ्या आठवड्यात मानवी भ्रूण जेमतेम काही मिलिमीटर लांब असतो. त्याच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी असते. पुढे तिचाच मेंदू आणि मज्जारज्जू होणार असतो. पट्टीच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, आत वळतात, एकमेकींना भिडतात आणि नळी तयार होते. कडा जिथे भिडल्या त्या सांध्यावरच्या पेशी मात्र नळीत राहत नाहीत आणि वरच्या त्वचेतही सामील होत नाहीत. शेजारच्या पेशींशी जखडून ठेवणारी प्रथिनं त्या बदलतात, सुट्या होतात आणि भ्रूणाच्या शरीरातून चालू लागतात. या पेशीसमूहाला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. इथे त्याला चेताशिखा म्हणू.

या शिखेतून काय काय घडतं याची यादी कोणालाही थक्क करील. चेहऱ्याची बहुतेक हाडं आणि जबडा. दातातलं डेंटिन. त्वचेला, केसांना रंग देणाऱ्या पेशी. स्पर्श आणि वेदना आत पोचवणाऱ्या, कण्यालगतच्या चेतापेशी. चेतातंतूंवर वेष्टन चढवणाऱ्या श्वॉन पेशी. मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यातल्या, भीतीच्या क्षणी ॲड्रिनलिन सोडणाऱ्या पेशी. आतड्याच्या भिंतीतलं, कोट्यवधी चेतापेशींचं जाळं. शिवाय हृदयातून निघणाऱ्या एका मोठ्या वाहिनीची महारोहिणी आणि फुप्फुसरोहिणी अशी विभागणी करणारा पडदाही याच पेशींच्या मदतीनं उभा राहतो.

या सगळ्या पेशींतली जनुकं एकच आहेत. ॲड्रिनलिन बनवण्याची कृती दातातल्या पेशीजवळही लिहिलेली असते, पण ती कधी वाचली जात नाही. एकाच ग्रंथातली कोणती पानं उघडायची आणि कोणती बंद ठेवायची, पेशीचं विशेषीकरण म्हणजे एवढंच. प्रश्न आहे तो पानं कोण उघडतं याचा.

ज्युलिया प्लॅट यांचं म्हणणं

स्वित्झर्लंडमधल्या बासेलचे विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात ही पट्टी पाहिली. चेतानलिका आणि त्वचा यांच्या मधोमध असलेल्या या पेशींपासून कण्यालगतच्या चेतागाठी तयार होतात, असं त्यांनी नोंदवलं. तिथपर्यंत वादाचं काही नव्हतं. बाहेरच्या थरातून चेतापेशी निघाव्यात हे त्या काळच्या सिद्धांतात बसत होतं.

तो सिद्धांत असा : भ्रूणाचे थर तीन. बाहेरच्या थरातून त्वचा आणि चेतासंस्था, मधल्यातून हाडं, स्नायू, रक्त आणि आतल्यातून आतडं व त्याला जोडलेल्या ग्रंथी. थरांच्या सीमा ओलांडल्या जात नाहीत. १८९३ साली ज्युलिया प्लॅट या अमेरिकी संशोधिकेनं नेक्ट्युरस नावाच्या उभयचर प्राण्याच्या भ्रूणांचा अभ्यास करून लिहिलं की डोक्यातली कूर्चा आणि दातांचं डेंटिन मधल्या थरातून येत नाही, बाहेरच्या थरातून येतं. मोठमोठ्या भ्रूणशास्त्रज्ञांनी हे नाकारलं. सिद्धांत पक्का होता, मग निरीक्षणच चुकलं असलं पाहिजे असा त्यांचा ग्रह होता.

प्लॅट हार्वर्डमध्ये शिकल्या होत्या, जर्मनीतल्या फ्रायबुर्गमधून १८९८ मध्ये त्यांनी डॉक्टरेटही मिळवली. तरी त्यांना विद्यापीठात जागा मिळाली नाही. कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह या समुद्रकाठच्या गावी त्या स्थायिक झाल्या, सत्तरी ओलांडल्यावर १९३१ मध्ये तिथल्या महापौर झाल्या आणि गावाच्या किनाऱ्यावरच्या सागरी जीवांना त्यांनी संरक्षण मिळवून दिलं. विज्ञानानं मात्र त्यांचं निरीक्षण मान्य करायला अनेक दशकं घेतली. त्यांचं बरोबर होतं. ज्या विद्यापीठांनी त्यांना दार उघडलं नाही त्यांच्यामुळे भ्रूणशास्त्राचं किती नुकसान झालं, हे मोजण्याचं साधन आपल्याकडे नाही.

प्लॅट यांना ज्याची उणीव होती ती गोष्ट म्हणजे खूण. शिखेतली पेशी एकदा सुटी होऊन चालू लागली की ती आजूबाजूच्या हजारो पेशींत हरवून जाते. सुटलेली पेशी आणि पोचलेली पेशी एकच आहे हे सिद्ध कसं करायचं? रंगाचे ठिपके दिले तर ते पसरत. १९६० च्या दशकात किरणोत्सारी द्रव्यानं पेशींवर खूण करण्याची पद्धत आली, पण पेशी विभागली की दर पिढीला ती खूण निम्मी होत विरून जाई.

केंद्रकातला ठिपका

निकोल ल दुआरँ यांचा जन्म १९३० मधला, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला. काही वर्षं शाळेत शिकवल्यानंतर त्या एतिएन वोल्फ यांच्या प्रयोगशाळेत संशोधनाकडे वळल्या. विषय होता यकृत. यकृताच्या घडणीत कोणता थर कोणत्या थराला काय सांगतो हे शोधण्यासाठी त्यांनी कोंबडीच्या ऊती आणि जपानी लावा पक्ष्याच्या, म्हणजे बटेराच्या, ऊती एकत्र वाढवल्या. पेशींची केंद्रकं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना दिसलं की बटेराच्या प्रत्येक केंद्रकात डीएनएचा एक दाट, ठळक गोळा असतो. कोंबडीच्या केंद्रकात तो नसतो, तिथे डीएनए विरळ पसरलेला असतो.

पक्ष्यांच्या केंद्रकरचनेचा अभ्यास करणाऱ्यासाठी ही एक बारीकशी नोंद झाली असती. ल दुआरँ यांनी तिच्यात प्लॅट यांना हवी असलेली खूण ओळखली. हा गोळा बटेराच्या पेशीचा जन्मजात गुण आहे. पेशी कितीही वेळा विभागली, कुठेही गेली, काहीही झाली तरी तो पुसला जाणार नाही. १९६९ मध्ये, नाँत विद्यापीठात असताना, त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केलं.

पुढचं काम हातांच्या कौशल्याचं होतं. कोंबडीचं अंडं दीड दिवस उबवलं की कवचाला छोटी खिडकी पाडून आतला भ्रूण दिसतो. हृदयाचे पहिले ठोके याच सुमारास पडू लागतात, आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना कायखंड नावाच्या ठोकळ्यांच्या जोड्या एकामागून एक उमटत असतात. आपल्याकडे बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या अनेकांनी या वयाचा भ्रूण काचपट्टीवर पाहिलेला असेल. ल दुआरँ आणि त्यांच्या सहकारी मारी-एमे तेय्ये अशा भ्रूणातल्या चेतानलिकेचा एक तुकडा शिखेसकट काढत आणि त्या जागी तेवढ्याच वयाच्या बटेराचा तुकडा बसवत. मग खिडकी बंद करून अंडं पुन्हा उबवायला ठेवत. पुढे कोंबडीच्या शरीरात जिथे जिथे तो ठळक गोळा दिसेल, तिथे तिथे शिखेतली पेशी पोचली होती असं खात्रीनं म्हणता येई.

असे काही पक्षी अंड्यातून बाहेरही आले. पांढऱ्या कोंबडीच्या पिल्लाच्या अंगावर, जिथे बटेराचा तुकडा बसवला होता त्या पट्ट्यात, बटेरासारखी गडद रंगाची पिसं उगवली. पिल्लू कोंबडीचं होतं, त्या पट्ट्यातल्या रंगपेशी बटेराच्या होत्या.

काही वर्षांत शिखेचा नकाशा तयार झाला. मानेजवळच्या पहिल्या सात कायखंडांच्या पातळीवरून निघालेल्या पेशी संपूर्ण आतड्याला चेताजाळं पुरवतात. अठराव्या ते चोविसाव्या कायखंडाच्या पट्ट्यातून ॲड्रिनल ग्रंथीचा गाभा होतो. अठ्ठाविसाव्याच्या मागच्या पेशी आतड्याच्या शेवटच्या भागात थोडी भर घालतात. चेहऱ्याचा सांगाडा डोक्याच्या शिखेतून येतो. प्लॅट यांना ऐंशी वर्षांनी न्याय मिळाला.

जागा बदलली तर

नकाशा सांगतो की कुठली पेशी काय होते. तिला तेच व्हायचं होतं का, हे तो सांगत नाही. म्हणून ल दुआरँ यांनी जागांची अदलाबदल केली. ज्या पेशी नेहमी ॲड्रिनल ग्रंथीत जातात त्या त्यांनी मानेजवळ लावल्या. त्या आतड्यात उतरल्या आणि तिथल्या चेतापेशी झाल्या. त्यांच्यातून आतड्याला लागणारं ॲसिटिलकोलिन हे रसायन पाझरू लागलं. उलट, मानेजवळच्या पेशी ॲड्रिनलच्या पट्ट्यात लावल्या तेव्हा त्यांच्यातून ॲड्रिनलच्या गाभ्यातल्या पेशी घडल्या.

म्हणजे जन्मस्थानानं पेशीला वाट दिली होती, अंतिम रूप दिलं नव्हतं. रूप ठरलं ते वाटेवर आणि मुक्कामी, भोवतालच्या ऊतींकडून आलेल्या रासायनिक संदेशांनी. त्या काळात हा निष्कर्ष फार मुक्तिदायक वाटला असणार.

पण गोष्ट तिथे संपत नाही. धडाच्या भागातली शिखा डोक्यात नेऊन लावली तर तिच्यातून चेतापेशी आणि रंगपेशी होतात, चेहऱ्याचा सांगाडा होत नाही. वातावरण हाक मारतं, पण ती हाक ऐकण्याची क्षमता त्या पेशींकडे नसते. २००३ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड श्नायडर आणि जिल हेल्म्स यांनी बटेराच्या डोक्याची शिखा बदकाच्या भ्रूणात बसवली. बदकाला बटेरासारखी आखूड, टोकदार चोच आली. उलट प्रयोगात बटेराला बदकासारखी रुंद चोच आली. चोचीचा आराखडा त्या पेशींनी बरोबर आणला होता, आणि भोवतालच्या ऊतींनाही त्यांनी आपल्या मापात वाढायला लावलं.

तेव्हा पेशीचं भवितव्य पूर्णपणे जन्मानं ठरतं हेही खरं नाही आणि पूर्णपणे परिस्थितीनं ठरतं हेही नाही. पेशी निघते तेव्हा काही शक्यता तिच्याजवळ असतात, काही आधीच गेलेल्या असतात. वाटेवरचे संदेश उरलेल्या शक्यतांतून निवड करायला लावतात, आणि प्रत्येक निवडीनंतर शिल्लक आणखी कमी होते.

एका पेशीच्या पोटी

एक शंका राहिली होती. शिखेतल्या पेशी दिसायला सारख्या असल्या तरी आतून आधीच वेगळ्या ठरलेल्या असतील तर? काही रंगपेशी होणाऱ्या, काही चेतापेशी होणाऱ्या, आणि प्रत्येक फक्त आपापल्या ठिकाणी तगणारी? १९८८ मध्ये मारिॲन ब्रॉनर आणि स्कॉट फ्रेझर यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या एकेका पेशीत चमकणारा रंग सुईनं भरला. काही पेशींच्या वंशात चेतापेशी, वेष्टनपेशी आणि रंगपेशी अशी निरनिराळी संतती सापडली. त्याच सुमारास ल दुआरँ यांच्या प्रयोगशाळेत एकेक पेशी वेगळी वाढवूनही हेच दिसलं. सगळ्याच पेशी तशा आहेत का, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. २०१५ मध्ये उंदरांत अनेक रंगांच्या खुणा वापरून झुरिकमधल्या गटानं दाखवलं की धडाच्या शिखेतल्या बहुतेक पेशी निघताना आणि चालतानाही बहुशक्यच, म्हणजे अनेक रूपं घेऊ शकणाऱ्याच, असतात.

अमेरिकेत डेव्हिड अँडरसन यांच्या गटानं १९९० च्या दशकात उंदीरवर्गीय प्राण्यांच्या शिखापेशी बशीत वाढवून त्यांना एकेक संदेश देऊन पाहिला. बीएमपी-२ दिलं तर स्वायत्त चेतापेशी, न्यूरेग्युलिन दिलं तर वेष्टनपेशी, टीजीएफ-बीटा दिलं तर गुळगुळीत स्नायू. एकाच पेशीसमोर तीन शब्द आणि तीन भवितव्यं.

या निवडीचं सर्वांत प्रसिद्ध चित्र ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी काढलं होतं : डोंगरउतारावरून गडगडणारा एक चेंडू, आणि खाली फुटत जाणाऱ्या दऱ्या. १९५० च्या दशकात एडिंबरोत त्यांच्याच संस्थेत लीला मुल्हेरकर कोंबडीच्या भ्रूणावर काम करत होत्या. परतल्यावर पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी भ्रूणशास्त्राच्या प्रयोगांची परंपरा रुजवली. महाराष्ट्रात या विषयाचं जे काही आहे त्याचा उगम बऱ्याच अंशी तिथे आहे, आणि हे नाव आपल्या शाळकरी मुलींना माहीत असायला हवं.

चेंडूला आपण कुठे चाललो ते कळत नसतं, पेशीच्या आत मात्र बरंच घडत असतं. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात उंदराच्या भ्रूणातल्या हजारो शिखापेशींत कोणती जनुकं जागी आहेत हे पेशीगणिक वाचलं गेलं. निवड एकदम होत नाही, दोन-दोन पर्यायांच्या टप्प्यांनी होते, असं दिसलं. आणि प्रत्येक फाट्यावर पोचलेल्या पेशीत दोन्ही पर्यायांची जनुकं थोडी थोडी जागी असतात. काही काळ पेशी दोन्ही व्हायला लागलेली असते. मग एका बाजूचा जोर वाढतो, ती बाजू दुसरीला दाबते आणि मागे फिरणं अवघड होतं.

रंगपेशींचं उदाहरण घ्या. कोंबडीत शिखेतून आधी सुटणाऱ्या पेशींत फॉक्स-डी३ नावाचं प्रथिन असतं. ते एमआयटीएफ या रंगपेशी घडवणाऱ्या प्रथिनाला दाबून ठेवतं, म्हणून या पेशी खोल आत जाऊन चेतापेशी आणि वेष्टनपेशी होतात. उशिरा निघणाऱ्या पेशींत फॉक्स-डी३ ओसरतं, एमआयटीएफ जागं होतं आणि त्या त्वचेखालच्या वाटेनं जाऊन रंगपेशी होतात. कधी निघाली, कुठून गेली आणि वाटेत काय ऐकलं, या तिन्हींचा हिशेब शेवटी एका प्रथिनाच्या असण्या-नसण्यात उतरतो.

अर्ध्या वाटेत थांबलेल्या पेशी

आता मुंबईच्या त्या बाळांकडे येऊ. मानेजवळून निघालेल्या शिखापेशी चौथ्या आठवड्यात अन्ननलिकेच्या बाजूनं आतड्यात शिरतात आणि सातव्या आठवड्यापर्यंत गुदाशयाला पोचतात. भ्रूणातला हा सर्वांत लांब पेशीप्रवास. दरम्यान आतडं स्वतःही लांबत असतं. म्हणून चालणाऱ्या पेशींना सतत विभागत राहावं लागतं. पुढच्या फळीला रेटा मिळतो तो संख्येतूनच. संख्या कमी पडली तर फळी मध्येच थांबते, आणि पुढचं आतडं चेतापेशींविना राहतं. स्नायू तिथे असतात, पण त्यांना सैल पडायला सांगणारं कोणी नसतं. तो भाग आवळलेला राहतो आणि मागचं आतडं तुंबून फुगतं.

कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हारल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आणि तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. सुमारे पाच हजार बाळांत एकाला तो होतो, मुलग्यांत अधिक. फुगलेलं आतडं रोगट आणि आवळलेलं निरोगी, असं बराच काळ मानलं जाई. खरी जागा आवळलेली आहे हे ओळखून तो भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतल्या ऑर्व्हार स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये मांडली. आज भारतातले बालशल्यविशारद तिच्या सुधारित पद्धती नेहमी करतात आणि बाळं वाचतात. तरी काहींना पुढे अनेक वर्षं बद्धकोष्ठ, शी न रोखता येणं आणि आतड्याची सूज यांचा त्रास होतो.

पेशींना वाढायला आणि पुढे जायला सांगणारे दोन संदेश मुख्य आहेत. एक जीडीएनएफ, जो रेट नावाच्या ग्राहक प्रथिनावर ऐकला जातो. दुसरा एंडोथेलिन-३, ज्याचा ग्राहक वेगळा. आणि पेशीच्या आत सॉक्स-१० हे प्रथिन त्यांना शिखापेशी म्हणून टिकवून ठेवतं. एंडोथेलिन-३ आणि सॉक्स-१० यांची गरज आतड्याकडे जाणाऱ्या पेशींना असते तशीच त्वचेकडे जाणाऱ्या रंगपेशींनाही असते. त्यांच्या जनुकांत बिघाड झाला की दोन्ही प्रवास एकदम खुंटतात. कपाळावर रंग पोचत नाही, आतड्याच्या टोकाला चेतापेशी पोचत नाहीत. आतल्या कानालाही रंगपेशी लागतात, म्हणून यातली काही मुलं बहिरी असतात. या विकाराला आज वॉर्डेनबर्ग–शाह सिंड्रोम म्हणतात. डॉ. शाह आणि सहकाऱ्यांनी ही लक्षणं एकत्र नोंदवली तेव्हा यातलं एकही जनुक ठाऊक नव्हतं. ती १९९० च्या दशकात सापडली. लक्ष देऊन केलेली नोंद स्पष्टीकरणाची वाट पाहू शकते, हे वैद्यकात नव्यानं येणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

वाट पुन्हा चालवताना

अलीकडच्या संशोधनानं शिखेची गोष्ट जन्माच्या पलीकडे नेली आहे. स्टॉकहोममधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटानं २००९ मध्ये दाखवलं की त्वचेतल्या पुष्कळ रंगपेशी चेतातंतूंना बिलगून प्रवास करणाऱ्या, श्वॉन पेशींच्या पूर्वजांपासून येतात. पुढे दातातल्या काही पेशींबद्दल आणि उंदरांतल्या ॲड्रिनलच्या गाभ्याबद्दलही तेच दिसलं. म्हणजे बहुशक्य पेशींचा एक साठा चेतातंतूंच्या आधारानं शरीरभर पोचवला जातो, आणि त्यातले निर्णय आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा उशिरापर्यंत खुले राहतात.

विशेष रूप घेतलेल्या पेशीतही मिटलेली पानं फाटलेली नसतात, हे जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घालून दाखवलं होतं. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये फक्त चार जनुकांनी उंदराची साधी पेशी पुन्हा मूळ अवस्थेत नेली. मग आतड्यासाठी चेतापेशी बनवायला अडचण काय? अडचण ही की मूळ अवस्थेतल्या पेशीला थेट आतड्याची चेतापेशी हो असं सांगणारा एकच संदेश नाही. न्यू यॉर्कमध्ये लॉरेन्झ स्टुडर यांच्या प्रयोगशाळेनं २०१६ मध्ये मानवी मूलपेशींपासून या पेशी तयार केल्या. त्यांना भ्रूणातलाच क्रम बशीत घडवावा लागला : आधी शिखापेशी करणारे संदेश, मग मानेजवळच्या पट्ट्याची ओळख देणारं रेटिनॉइक आम्ल, आणि त्यानंतर चेतापेशी होण्याची तयारी. या पेशी हिर्शस्प्रुंगसारखा आजार असलेल्या उंदरांच्या आतड्यात सोडल्यावर त्या दूरवर पसरल्या आणि उंदरांची जगण्याची शक्यता वाढली.

त्या क्रमामागचा नकाशा अंड्याच्या खिडकीतून शिकलेला आहे. मानेजवळची शिखा आणि मागची शिखा वेगळी हे ल दुआरँ यांच्या नकाशामुळे कळलं नसतं तर रेटिनॉइक आम्ल कुठल्या टप्प्यावर आणि कशासाठी द्यायचं हे कोणाला सुचलं असतं? माणसांत ही उपचारपद्धती आणण्यासाठी बरंच करायचं आहे. पेशी सुरक्षित आहेत का, त्या आतड्याच्या टोकापर्यंत पोचतील का, आणि तिथे आतडं आवळणाऱ्या व सैल सोडणाऱ्या चेतापेशी योग्य प्रमाणात घडतील का. पण दिशा स्पष्ट आहे. पेशीला तिचं काम देता येतं ते तिला तिच्या वाटेवरून, टप्प्याटप्प्यानं, योग्य वेळी योग्य संदेश ऐकवत नेलं तरच. ती वाट वाचायला शिकवणारं संशोधन जिथे चालतं, मग ते पक्ष्याच्या भ्रूणावर असो की बेडकाच्या, तिथे पैसा, जागा आणि माणसं लागतात. मुंबईतल्या त्या बारा बाळांसारखी बाळं पुढेही जन्मणार आहेत, आणि त्यांच्यासाठीचा अधिक चांगला उपचार याच कामातून येणार आहे.